ऑनर्स विथ रिसर्च

साधा बी.ए. आणि ऑनर्सचा बी.ए. यांतला फरक ओळखायचा असेल, तर दोघांना चहा विचारावा. साधा बी.ए. ‘हो’ म्हणतो किंवा ‘नको’ म्हणतो. ऑनर्सवाला जरा थांबतो, चष्मा वर सरकवतो आणि म्हणतो, ‘डिपेंड्स.’ कशावर, ते सांगेपर्यंत चहा गार होतो. मग तो गार चहा पितो आणि गार चहाकडे आपण तुच्छतेने का बघतो, यावरही त्याच्याकडे दोन मुद्दे असतात.

आमच्या घरी असा एक नमुना दर रविवारी जेवायला येतो. माझ्या साडूचा मुलगा. मूळ कोथरूडचा, सध्या मुक्काम बंगळूर, सुद्दगुंटेपाळ्यातल्या एका पीजीत चौथ्या मजल्यावर. होसूर रोडवरच्या क्राइस्ट युनिव्हर्सिटीत तो बी.ए. ऑनर्स करतो. याच युनिव्हर्सिटीचा एक कॅम्पस लवासाला आहे, म्हणजे कोथरूडवरून सकाळी निघालं तर नाश्त्याच्या वेळेला पोचावं. पण मुलगा घरापासून आठशेहून जास्त किलोमीटर लांब गेल्याशिवाय ऑनर्सला वजन येत नाही, असं साडूंचं मत. शिवाय बंगळूरला मावशी आहे. मावशी असली की मेसचं भागतं.

ऑनर्सवाला ओळखायला सोपा. गळ्यात ओळखपत्र. ते रविवारीसुद्धा निघत नाही. एकदा तो आंघोळीला गेला तेव्हा दाराच्या खिळ्यावर टांगलेलं दिसलं आणि आमच्या सासूबाईंना वाटलं, पोराने जानवं काढून ठेवलं. पाठीवर एक सॅक, तिच्यात लॅपटॉप, चार्जर आणि ‘रीडिंग्ज’. पुस्तक हा प्रकार त्याच्याकडे नसतो. पुस्तकातली अठरा-वीस पानं असतात, ती पिवळ्या शाईने रंगवलेली असतात, आणि उरलेलं पुस्तक कुठल्या तरी दुसऱ्या सेमिस्टरमध्ये असतं.

भाषा मराठीच, फक्त क्रियापदापुरती. ‘मी ते इंटरॉगेट करतोय’, ‘हे थोडं प्रॉब्लेमॅटिक आहे’, ‘आपण याला वेगळ्या लेन्समधून बघू’. कानडी मात्र एका वाक्यात आटोपतं: ‘कन्नड गोत्तिल्ला’. कानडी येत नाही, हे सांगण्यापुरतं कानडी बंगळूरला आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात येतं. तिथून पुढे ऑनर्सवाल्याची प्रगती शून्य.

पहिल्या वर्षी एका रविवारी तो पानावर बसला आणि म्हणाला, ‘मावशी, पुढच्या आठवड्यात येणार नाही. सीआयए आहे.’ सासूबाईंचा हात वाढता वाढता थांबला. त्या रोज रात्री टीव्हीवर बातम्या बघतात. अमेरिकेचे ते लोक आपल्या पोराच्या मागे कशाला लागले, या विचाराने त्यांनी दुपारी कोथरूडला फोनसुद्धा लावला. कंटिन्युअस इंटर्नल असेसमेंट म्हणजे वर्षभर चालणारी परीक्षा, एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी, हे कळल्यावर त्या म्हणाल्या, ‘त्यापेक्षा ते अमेरिकेचे परवडले.’

त्यातून हजेरी पंच्याऐंशी टक्के. ऑनर्सवाला आयुष्यात कुठलाही बेत आखताना आधी हजेरीचा हिशेब करतो. चुलत बहिणीचं लग्न पुण्याला, म्हणजे तीन दिवस, म्हणजे अमुक तास, म्हणजे टक्केवारी इतकी खाली. हळदीला यायचं का अक्षतांना, हे त्याने एक्सेलमध्ये ठरवलं. आणि आला तो मांडव परतणीला.

मी स्वतः पुणे विद्यापीठाचा बी.कॉम., सेकंड क्लास. त्या जोरावर बँकेत लागलो आणि बँकेने मला बंगळूरला आणून टाकलं. त्यामुळे ऑनर्स म्हणजे काय, हे मला ऑनर्सवाल्याकडूनच शिकावं लागलं. त्याने मला क्रेडिट समजावून सांगितलं. वर्गातले पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट, प्रॅक्टिकल असेल तर तीस तास. तीन वर्षांत किमान एकशेवीस क्रेडिट जमवली की पदवी, चौथ्या वर्षी एकशेसाठ झाली की ऑनर्स. आणि पहिल्या सहा सेमिस्टरांत पंच्याहत्तर टक्के पडले असतील, तर चौथ्या वर्षी बारा क्रेडिटचा प्रबंध लिहायचा. त्याचं नाव ‘ऑनर्स विथ रिसर्च’. हे यूजीसीने 2022 च्या डिसेंबरात ठरवून दिलं. बायको पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. ‘तीस तासांना एक?’ ती म्हणाली, ‘मग दिवाळीच्या फराळाचं एक तरी होतंच की रे.’ ऑनर्सवाल्याने हिशेब केला आणि म्हणाला, होतं, पण त्याला लर्निंग आउटकम लिहावे लागतील. लाटणं कपाळात बसता बसता राहिलं.

एकदा मी बोलून गेलो: 1862 साली मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. बाहेर पडले, तेव्हा ते सगळे मिळून चार होते: रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. अख्ख्या मुंबई इलाख्यात चार! याच्या पीजीच्या एका खोलीत चार आहेत, आणि चौघांत मिळून एक टेबल. माझं हे बोलणं त्याला अजिबात आवडलं नाही. संख्येवरून गुणवत्ता ठरवणं रिडक्टिव्ह असतं म्हणाला. मी म्हटलं, बरोबर आहे, रानड्यांना टेबल मिळालं असेल.

आमच्या गल्लीतल्या गौडांचा मुलगा याच्याच वयाचा, पण सरकारी कॉलेजात. कर्नाटकाने चार वर्षांच्या ऑनर्सचा धडाका सगळ्या राज्यांआधी, 2021 साली लावला आणि 2024 च्या मे महिन्यात गुंडाळून परत तीन वर्षांवर आणला. गुंडाळा असं सांगणाऱ्या राज्याच्या आयोगाचे अध्यक्ष कोण, तर आपले अमरावती जिल्ह्यातले, यूजीसीचे माजी अध्यक्ष सुखदेव थोरात. म्हणजे बंगळूरच्या सरकारी कॉलेजातल्या पोरांचं एक वर्ष एका मराठी माणसाच्या शिफारशीने वाचलं. क्राइस्ट पडली अभिमत, 2008 पासून. तिथे चौथं वर्ष शाबूत. गौडा दर महिन्याला गेटपाशी मला विचारतात, ‘निम हुडुगा इन्नू ओदुत्ता इद्दाना?’ तुमचा पोरगा अजून शिकतोच आहे का? मी म्हणतो, ऑनर्स. ते मान हलवतात, नापास झालेल्या मुलाच्या घरच्यांसमोर हलवतात तशी.

आता रिसर्च.

ऑनर्सवाल्याचं खरं दर्शन चौथ्या वर्षी होतं. तोवर तो फक्त शब्द वापरत असतो, आता त्याला विषय लागतो. विषयाशिवाय फिरणारा ऑनर्सवाला घरात कोणालाही सुरक्षित वाटत नाही. तो फ्रीज उघडतो आणि आत बघत उभा राहतो, आणि आपल्याला शंका येते की आपल्या लोणच्यात याला काहीतरी दिसलं.

त्याचा पहिला विषय होता ‘मराठ्यांचं बंगळूर’. विषय छातीचा होता. 1638 साली विजापूरकरांनी बंगळूर जिंकल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, पुढे व्यंकोजींकडे गेलं आणि 1687 साली म्हैसूरच्या चिक्कदेवराजांनी ते तीन लाखांना घेतलं. तीन लाखांना अख्खं बंगळूर! हल्ली इथे घर भाड्याने घेताना तेवढी अनामत मागतात. ऑनर्सवाला दोन आठवडे तरंगत होता. मग गाइडबाईंनी विचारलं, मोडी वाचता येते? नाही. फारसी? नाही. जुनं कानडी? नवंच येत नाही. ‘विषय जरा लहान करा,’ बाई म्हणाल्या. ऑनर्सच्या वर्षात हे वाक्य पोरांना इतकं ऐकावं लागतं की शेवटी झोपेतसुद्धा ती पांघरूण लहान करतात.

दुसरा विषय लहान केला: पेठेतल्या मराठी घरांची बोली. कब्बनपेटच्या बाजूला पिढ्यान् पिढ्या राहिलेली भावसार आणि नामदेव शिंप्यांची घरं आहेत. बाहेर कानडी, घरात मराठी. मराठी आपल्यासारखी नाही, तिचा हेल निराळा, शब्दाशब्दाला कानडी चिकटलेलं. ऑनर्सवाला वही घेऊन एका दुकानात गेला. दुकानातल्या म्हाताऱ्यांनी त्यांच्या मराठीत चौकशी केली: कुठला, कुणाचा, जेवलास का. याला काही कळेना. हा गांगरला आणि इंग्रजीत उत्तर देऊन बसला. म्हाताऱ्यांनी पोराला हाक मारली आणि सांगितलं, ‘बघ रे, हा कुणी हिंदीवाला आलाय.’ दुसरा विषय तिथेच संपला. पण त्या माणसांनी त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही, हे सांगताना त्याच्या तोंडी एकही इंग्रजी शब्द नव्हता, याची मी नोंद केली.

तिसरा विषय त्याला आमच्या घरी मिळाला, आणि तो त्याचा नव्हताच.

झालं असं की जेवताना सासूबाईंनी सहज विचारलं, तुझं कॉलेज कुणी काढलं? ऑनर्सवाल्याला इतका साधा प्रश्न चार वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्याने सांगायला सुरुवात केली. केरळातल्या सीएमआय नावाच्या कॅथलिक पाद्र्यांच्या संघाने 1969 साली क्राइस्ट कॉलेज काढलं. तो संघ 1831 सालचा, मन्नानमचा. संस्थापकांपैकी एक फादर कुरियाकोस एलियास चावरा, त्यांना 2014 साली व्हॅटिकनमध्ये संत ठरवलं गेलं. ते म्हणायचे, प्रत्येक चर्चला शाळा जोडली पाहिजे. त्यांनी 1846 साली मन्नानमला संस्कृतची शाळा काढली. आणि गरिबांची पोरं उपाशीपोटी शिकणार कशी, म्हणून घरोघरच्या बायकांना सांगितलं: रोज भात रांधताना मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवा. त्याला तिकडे पिडियारी म्हणतात.

सासूबाईंनी भाताचा घास खाली ठेवला. ‘मग हे आमच्या अण्णांचंच की.’

सासूबाई कऱ्हाड तालुक्यातल्या. अण्णा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. 1919 साली काल्याला त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, ते गाव सासूबाईंच्या माहेरापासून चालत जाण्याइतकं जवळ. बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी घराघरातून मूठमूठ धान्य जमा व्हायचं, तो मुष्टिफंड. केरळातला तांदूळ, साताऱ्यातली ज्वारी. तिकडे फादर, इकडे दाढी आणि काठीवाले अण्णा. मधे साठ-सत्तर वर्षं आणि सगळं कर्नाटक. दोघांची एकमेकांना खबर असायचं कारण नाही.

ऑनर्सवाला उभा राहिला. हात खरकटा. ‘आजी, हा कंपॅरेटिव्ह स्टडी आहे!’ सासूबाई म्हणाल्या, ‘बस आधी. ताक घे.’

गाइडबाईंना विषय आवडला. अर्थात लहान करायला सांगितला. एक राज्य, मग एक जिल्हा, मग एक तालुका. ‘मौखिक इतिहास आहे, तर एखाद्या व्यक्तीच्या मुलाखतीपासून सुरू करा,’ त्या म्हणाल्या. तेव्हा शहाजीराजांपासून निघालेलं संशोधन आमच्या स्वयंपाकघरात, सासूबाईंच्या पाटाशी येऊन थांबलं.

पुढच्या रविवारी तो आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. जेवायच्या आधी त्याने सॅकमधून एक कागद काढला आणि आजीपुढे धरला. वर लिहिलं होतं, ‘माहितीपूर्ण संमतीपत्र’. एथिक्स कमिटीच्या नमुन्यावरून त्याने स्वतः मराठी केलं होतं.

सासूबाईंनी चष्मा लावला. सही म्हटल्यावर त्या सावध होतात. त्यांच्या वडिलांची दोन बिघे जमीन अशाच एका सहीत गेली. त्यांनी पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला घेतलं. पहिला परिच्छेद संपल्यावर वर बघून विचारलं, ‘हे मराठी कुठल्या जिल्ह्यातलं रे?’

मग कलमं. ‘सहभाग पूर्णतः ऐच्छिक आहे.’ हे त्यांना मान्य. ‘सहभागी व्यक्तीस कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता, माघार घेता येईल.’ इथे त्या थांबल्या. परत वाचलं. ‘कारण न देता? आमच्या लग्नात असा कागद कुणी पुढे केला नाही.’ पलीकडे माझी बायको सांडशी ओट्यावर ठेवून वाकून हसायला लागली. माझ्या सासऱ्यांचा फोटो समोरच होता, मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

‘या सहभागाबद्दल कोणताही मोबदला दिला जाणार नाही.’

‘आणि तुला?’

‘मला पैसे नाहीत आजी. बारा क्रेडिट.’

‘म्हणजे सांगणार मी आणि बारा तुला.’

ऑनर्सवाल्याने इथे सत्ता, ज्ञान आणि संशोधकाची भूमिका यांवर काहीतरी बोलायला सुरुवात केली. ते त्याला चांगलं येतं. सासूबाई ऐकून घेत होत्या, चष्म्यावरून. ‘बरं, सही करते,’ त्या म्हणाल्या, ‘पण मधे मधे इंग्रजी बोललास तर माघार. कारण न देता.’

फोन टेबलावर उपडा ठेवून रेकॉर्डिंग सुरू झालं. त्याच्याकडे प्रश्नांची यादी होती, ‘सेमी-स्ट्रक्चर्ड’. पहिला प्रश्न: ‘मुष्टिफंडाच्या त्या अनुभवाबद्दल तुला काय वाटायचं?’

‘वाटायचं काय? भूक लागायची.’

त्याने यादी बाजूला ठेवली. मला वाटतं, चार वर्षांत त्याने केलेलं हे पहिलं संशोधन. मग सासूबाई सांगत गेल्या. पहाटे आई जात्यावर बसायची. दळणाआधी सुपातल्या ज्वारीतली एक मूठ काढून उतरंडीशेजारच्या गाडग्यात टाकायची. बोर्डिंगची पोरं पोतं घेऊन यायची, दारात उभं राहून आईला नाव घेऊन हाक मारायची. त्यात सगळ्या जातींची पोरं असायची, एका पोत्याला चौघांचे हात, आणि शेजारची एक म्हातारी त्यावरून रोज कुरकुरायची. पण मूठ घालायची.

‘आणि दुष्काळाच्या साली?’

सासूबाई जरा थांबल्या. पदर नीट केला. ‘दुष्काळात पण घालायचोच. नाही कसं म्हणणार? पण त्या वर्षी आई मला म्हणाली, आजपासून मूठ तू घालत जा.’

‘का?’

‘माझी लहान होती.’

ऑनर्सवाला बघतच राहिला. मीही. एवढ्या वर्षांत ही गोष्ट माझ्या बायकोनेसुद्धा ऐकली नव्हती. नेमही मोडला नाही, घरात चार दाणेही राहिले, आणि अण्णांच्या पोरांना सांगायला मूठ ती मूठच.

‘आजी,’ तो ओरडला, ‘हे फाइंडिंग आहे!’ आणि त्याला राहवलं नाही. ‘इट्स अ मायक्रो-लेव्हल निगोशिएशन ऑफ इन्स्टिट्यूशनल...’

‘माघार,’ सासूबाई म्हणाल्या आणि उठल्या.

त्यांना परत बसवायला श्रीखंड काढावं लागलं.

दोन आठवड्यांनी त्याने पहिला मसुदा वाचून दाखवला. मी प्रामाणिकपणे सांगतो, चांगला होता. लहान मुठीचं पान तर त्याने साध्या भाषेत लिहिलं होतं, त्याला ते कसं जमलं देव जाणे. पण सासूबाईंचं लक्ष भलतीकडेच. ‘ही सहभागी क्रमांक एक कोण?’

‘तू, आजी. नाव गुप्त ठेवायचं असतं. नियम आहे.’

‘माझं? कुणापासून?’

त्याने समजावलं. सहभागी व्यक्तीच्या खाजगीपणाला धक्का लागू नये म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं. ‘पोरं दारात यायची तेव्हा माझ्या आईचं नाव साऱ्या आळीला ऐकू जाईल असं घ्यायची,’ त्या म्हणाल्या, ‘आणि तू मला क्रमांक दिलास. रेशनचं दुकान आहे का?’

यावर ऑनर्सवाल्याकडे ‘डिपेंड्स’ नव्हतं. तो बाईंना विचारतो म्हणाला. बाईंनी नावाचं कमिटीकडे सोपवलं आणि जाता जाता दुसरीच पाचर मारली: एका मुलाखतीवरून कुठलाही निष्कर्ष काढता येत नाही, आणखी सहभागी शोधा.

मी इतके दिवस समजत होतो की ऑनर्स आमच्या भाच्याचं चाललं आहे. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी आपली जुनी फोनची वही काढली. कऱ्हाड, उंब्रज, मसूर, रहिमतपूर. ज्या हयात आहेत त्या सगळ्या मैत्रिणी, मावसबहिणी, विहिणी. एकेकीला फोन, स्पीकर चालू.

‘अगं, माझा नातू बंगळूरच्या पाद्र्यांच्या कॉलेजात मोठी परीक्षा देतोय. तो तुला फोन करील. मुष्टिफंडाचं विचारील. कागद पाठवील, त्यावर सही कर, त्याला काही होत नाही, मी केलीय. आणि हे बघ, दुष्काळात लहान पोरीकडून मूठ घालून घ्यायचे ते आठवतं ना? नाही? आठव. तुझ्या आईनंही तेच केलं असणार, तुमची तर माणसं जास्त होती.’

ऑनर्सवाला दोन्ही हातांनी डोकं धरून उभा. ‘आजी, डेटा खराब होतोय! लीडिंग क्वेश्चन आहे हा! तू त्यांना उत्तर सांगायचं नाहीस!’

सासूबाईंनी फोनवर हात ठेवला. ‘थांब रे जरा. विसरलीय ती, सत्तर वर्षं झाली. तिला आठवू दे.’ आणि हात काढून, ‘हां, बोल गं. आणि तुझं पूर्ण नाव सांग, माहेरचं पण. छापणार नाही म्हणतोय, पण मी लिहून ठेवते.’